तिऱ्हाईत बाईची माहिती

माझ्या आईला सवत आहे, ही बातमी मला साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीतल्या कारकुनानं दिली. गालात तंबाखूची गोळी धरून, मान वर न करता दिली. "रेकॉर्डला बायको म्हणून दुसऱ्या बाईचं नाव आहे, ह्या अर्जदार बाईंचं नाही," तो म्हणाला, आणि लगेच माझ्या मागं उभ्या असलेल्या माणसाकडं वळला. "हां, तुमचं काय?"

ह्या लिखाणात मी कुणाचंच नाव घालणार नाही. त्या कारकुनाचं घालायला हात शिवशिवतात, पण त्यालाही मुलंबाळं असतील. आईचं घालणार नाही, कारण तिचं नाव कचेरीनं पुरेसं चघळलं आहे.

वडील जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. ते एका सरकारी खात्यात रोडरोलरवर ड्रायव्हर होते. नोकरी साताऱ्याला आणि घर कवठे महांकाळच्या बाजूच्या एका कोरड्या गावात. तिथं आमची थोडी ज्वारीची जमीन होती आणि ती आई एकटी बघायची. वडील दिवाळीला आणि गावच्या जत्रेला यायचे, अंगाला डांबराचा वास घेऊन. एरवी साताऱ्यात एका खोलीत राहायचे आणि शेजारच्या गल्लीतल्या खाणावळीत जेवायचे. निवृत्तीला थोडा काळ उरला असताना उन्हाळ्यात कामावरच छातीत कळ आली आणि गेले. नोकरीत असताना गेलेल्या माणसाच्या बायकोला पेन्शन मिळते, एवढं गावात सगळ्यांना माहीत होतं. मला भाऊ नाही. मी लग्न होऊन सांगलीला विश्रामबागेत राहत होते आणि एका कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट होते. म्हणून आईच्या वतीनं अर्ज मी टाइप केला आणि खेटे मी घातले.

"कोण बाई?" मी त्या कारकुनाला विचारलं.

"ते सांगता येणार नाही."

"माझ्या वडिलांची बायको कोण, हे तुम्ही मला सांगणार नाही?"

"मॅडम, ती तिऱ्हाईत व्यक्तीची माहिती आहे. सर्व्हिस बुक गोपनीय असतं." त्यानं खिडकीतून बाहेर पिंक टाकली. "तुमच्या घरचं तुम्ही बघा. आम्हाला रेकॉर्ड बोलतं."

आज कुणीही उठतो, अर्जाला स्टँप चिकटवतो आणि माहितीच्या अधिकारात फाईल मागतो. नव्वदच्या त्या वर्षांत तसला कायदा नव्हता. तेव्हा सरकारी कपाटाला एकच अधिकार होता, बंद राहण्याचा. रेकॉर्ड बोलतं म्हणे! बोलत होतं ते फक्त त्याच्याशी, आणि तो आमच्याशी बोलत नव्हता.

परतीच्या एस.टी.त मी ठरवलं होतं की आईला सांगायचं नाही. पण ती माझ्याकडं विश्रामबागेत येऊन बसली होती आणि मी दारातून आत येताच तिनं माझं तोंड वाचलं. सांगावं लागलं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर हसून उडवून लावेल. तिनं दोन्ही केलं नाही. ती कणीक मळत होती, ती मळतच राहिली.

"खानावळवाली," ती म्हणाली.

वडील गेले तेव्हा दवाखान्यात सगळ्यात आधी पोचली होती ती खाणावळवाली. विधवा बाई, आईच्याच वयाची. आम्ही गावाकडून जाईपर्यंत प्रेताजवळ तीच बसून होती. वडिलांची खोली तिनंच झाडून दिली, ट्रंक तिनंच भरून दिली, आणि आईला पोटाशी धरून पाणी पाजलं. तेव्हा आई आल्यागेल्याला सांगायची, परक्या गावात देवमाणूस भेटलं. आता तोच प्रत्येक उपकार तिच्या विरुद्ध पुरावा झाला. दवाखान्यात ती कशी आधी पोचली? खोलीची किल्ली तिच्याकडं कशी? ट्रंकेत काय आहे हे तिला कसं ठाऊक?

मी म्हटलं, "आई, उगाच कुणावर आळ घेऊ नको."

"मग तू सांग कोन ती," आई म्हणाली.

गावात माझ्या चुलत्यांनी ही गोष्ट पाराच्या कट्ट्यापर्यंत नेली. "आमच्या थोरल्याचं सातारला दुसरं घर होतं म्हणं," असं ते दुःखी चेहरा करून सांगायचे. त्या चेहऱ्यात मला चवीनं जेवणारा माणूस दिसायचा. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असंही ते म्हणायचे. सरकारी कचेरीत नुसता धूरच तयार होतो, हे त्यांना कुणी सांगायचं?

मी अर्ज टाइप करायला लागले. कॉलेजच्या मशीनवर, सुट्टीच्या वेळात. पहिल्या अर्जात विचारलं की सेवापुस्तकात पत्नी म्हणून नोंदलेल्या महिलेचं नाव कळवावं. उत्तर आलं, सदर माहिती तिऱ्हाईत व्यक्तीशी संबंधित असल्याने देता येत नाही. दुसऱ्यात विचारलं की निदान त्या पानाची नक्कल द्यावी. उत्तर आलं, नक्कल संबंधित कर्मचाऱ्यालाच देता येते. संबंधित कर्मचारी स्मशानात होता. मग मी विचारलं की एका माणसाच्या दोन बायका निघाल्या तर पेन्शन कुणाला मिळते, त्याचा नियम दाखवावा. त्यावर तर उत्तरच आलं नाही. मी समक्ष गेले तेव्हा कारकुनानं नियमांचं पुस्तक कपाटातून काढलं, मला लांबून दाखवलं, लहान मुलाला खाऊ दाखवावा तसं, आणि परत ठेवून दिलं.

"हे कार्यालयीन वापरासाठी आहे," तो म्हणाला.

"नियम आमच्यासाठी आहेत की तुमच्यासाठी?"

"नियम तुमच्यासाठी. पुस्तक आमच्यासाठी."

तो गंमत करत नव्हता, हीच खरी चीड. त्याला ते अगदी बरोबर वाटत होतं. मला त्याच्या टेबलावरची शाईची दौत उचलून त्याच्या शर्टावर ओतावीशी वाटली. आजही वाटते.

एकदा आई माझ्याबरोबर आली. चुलते तिला म्हणाले होते, तू जाऊन पाया पड, बाईमाणसाला बघून सायेब विरघळतात. ती पाया पडायला आलेली नव्हती. पदर खोचून ती थेट टेबलाशी गेली.

"सायेब, मला पेन्शन नगो," ती म्हणाली.

कारकुनानं पहिल्यांदा मान वर केली. असला अर्ज त्याच्याकडं कधी आला नसावा.

"खरंच नगो. माझी ज्वारी मला पुरती. मला निस्तं त्या बाईचं नाव सांगा. मी तिच्याशी भांडनार न्हाई, कोर्टात जानार न्हाई. मला कळू द्या, मी एवढी वर्सं कुनाची वाट बघत हुते ते."

सगळी कचेरी ऐकत होती. पलीकडच्या टेबलावरच्या बाईनं डोळ्याला रुमाल लावला. कारकून क्षणभर घुटमळला, आणि मला वाटलं, आता सांगतो. मग त्यानं फाईलची नाडी ओढून गाठ मारली.

"आजी, उद्या ती बाई येऊन मला जाब विचारेल, माझं नाव का फोडलं. तिचाही हक्क आहे."

त्या नसलेल्या बाईचा हक्क त्यानं असा जपला. माझी आई समोर उभी होती, तिचा कुठलाच हक्क त्याला दिसला नाही.

वडिलांचं वर्षश्राद्ध आलं. आईनं घरात चूल पेटवली, पण पितराचं पान वाढलं नाही. भटजी आले आणि दारातूनच परत गेले. भावकी जमली. आई उंबऱ्यात बसून म्हणाली, "जेवू घालनारी तिकडं सातारला हाय. तिलाच घालू द्या. मी कशाला मधी पडू?" मी समजावलं, ओरडले, शेवटी रडले. ती हलली नाही. माझ्या वडिलांसाठी त्या वर्षी कुणी कावळ्याला घास ठेवला नाही. मी देवाधर्माची फारशी नाही, पण ते माझ्या मनाला लागलं, आणि मी त्याचा राग कचेरीवर धरला. अजून धरून आहे.

त्यानंतर काही दिवसांनी आई मला न सांगता एकटीच साताऱ्याला गेली. कवठे महांकाळहून निघून, गाड्या बदलून, ऐन जेवणाच्या वेळी ती त्या खाणावळीत पोचली. काय झालं ते मला नंतर दोघींकडून कळलं आणि दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता.

खाणावळ म्हणजे घरातलीच लांबट खोली. भिंतीकडेनं पाट मांडलेले, पंगत बसलेली, बाई भाकरी वाढतेय. गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणायची. तिनं आईला ओळखलं आणि तोंडभर हसून म्हणाली, "या, बसा. आधी जेवा."

"माझा नवरा जेवला तेवढं पुरं झालं," आई म्हणाली. मग पंगतीसमोर, घास हातात धरून बसलेल्या त्या सगळ्या माणसांसमोर, आई तोंडाला येईल ते बोलली. माझा संसार खाल्लास, कागदावर नाव चढवून बसलीस, विधवेचं सोंग घेऊन दुसऱ्याच्या कुंकवावर जगलीस.

खाणावळवालीनं सगळं ऐकून घेतलं. मग हातातली भाकरी टोपलीत ठेवली. "बाई, तुझा नवरा माझ्या पाटावर बसून जेवला. माझ्यासंगं पाट न्हाई लावला त्यानं," ती म्हणाली. पाट लावणं म्हणजे विधवेनं दुसरा घरोबा करणं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. "म्हैन्याच्या म्हैन्याला पैसं मोजलं, भाकरी खाल्ली, उठून गेला. आता तू बी ऊठ. माझ्या दारात परत दिसू नगो."

पंगतीतला एक जण हसला, असं आई म्हणाली. कुणाला हसला ते तिला कळलं नाही.

माझ्या अर्जांनी फाईल जाड झाली म्हणा, किंवा कचेरीत नवा साहेब आला म्हणा, एकदाची सुनावणी लागली. दोन्ही बायकांना समक्ष हजर राहण्याच्या नोटिसा निघाल्या. आईची नोटीस रजिस्टरनं गावी आली. त्यात लिहिलं होतं की अर्जदार व दुसरी दावेदार महिला यांनी आपापल्या पुराव्यानिशी उपस्थित राहावे. आईनं ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी ती येनार?"

"यायला पाहिजे."

"बरं झालं. खानावळवाली असू नायतर दुसरी कोन, तोंड तरी दिसंल."

सुनावणीच्या दिवशी ती बरं लुगडं नेसली. केस चापूनचोपून बसवले. सवतीसमोर जायचं होतं, तिला कमीपणा नको होता. कचेरीच्या व्हरांड्यात एका बाकावर आम्ही बसलो. पायऱ्या चढून येणाऱ्या प्रत्येक बाईकडं आई बघायची. एक तरुण बाई आली, ती नाही. एक म्हातारी काठी टेकत आली, तिच्याकडं आई बराच वेळ बघत राहिली. खाणावळवाली आली नाही.

दाराशी पट्टेवाला उभा होता, हातात कागद. प्रकरण निघालं की तो कोर्टासारखा पुकारा करायचा. आमचं निघालं. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला आणि आधी दुसऱ्या बाईचं नाव पुकारलं. नाव एका नदीचं होतं. पुढं माझ्या वडिलांचं नाव, पुढं आमचं आडनाव.

"ओ," माझ्या शेजारून आवाज आला.

मी वळून पाहिलं. आई उभी राहिली होती. तिलाही कळलं नव्हतं आपण उठलो आहोत ते. शाळेत हजेरी घेताना पोर उठतं तशी ती उठली होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, घाबरलेला आणि कोवळा.

पट्टेवाल्यानं तिला हातानं खाली बसवलं. "तुमचं नंतर. ही दुसरी पार्टी." आणि परत पुकारलं.

"आवं, मीच ती," आई म्हणाली. "माझंच नाव हाय ते. माहेरचं."

आईचं माहेर म्हणजे माझ्या वडिलांच्या मामाचं घर. वडिलांनी मामाची मुलगी केली होती, आमच्याकडं तसं सर्रास होतं. लग्नात माझ्या आजीनं तिचं नाव बदललं आणि एका देवीचं ठेवलं. ते वडिलांनीच ताटातल्या तांदळावर अंगठीनं गिरवलं. पुढं लगेच नोकरी लागली, कुणीतरी कारकुनानं बायकोचं नाव विचारलं, आणि वडिलांनी लहानपणापासून जे ठाऊक होतं ते सांगून टाकलं. नवं नाव त्यांच्या तोंडी बसायला कारणच नव्हतं. नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची नाही, ही रीत. ते आयुष्यभर "अगं ए" म्हणत राहिले. माहेरी ती थोरली, म्हणून सगळे तिला आक्का म्हणायचे. नदीच्या नावानं हाक मारणारे तिचे आईबाप केव्हाच वारले होते. ते नाव जगात फक्त एका ठिकाणी शिल्लक होतं, त्या बंद कपाटात.

कुणी म्हणेल, एवढी शिकलेली मुलगी, माहेरचं नाव असेल हे तुला सुचू नये? लग्नात माझंही नाव बदललं होतं. मला दोन नावं होती आणि तरी सुचलं नाही. कारण आम्हाला कुणी नाव सांगितलं नव्हतं, 'दुसरी बाई' असं सांगितलं होतं. दुसरी बाई म्हटल्यावर माणूस बाई शोधतो.

आत साहेबांपुढं फाईल उघडली. तिच्यात टपालानं परत आलेलं एक पाकीट होतं. त्या नदीच्या नावानं निघालेली नोटीस. पत्ता आमच्याच गावाचा. म्हणजे दोन्ही पाकिटांवर गाव एक, आडनाव एक, नवरा एक, आणि लिहिणाऱ्याचं अक्षरही एकच. त्या शहाण्यानं दोन्ही पत्ते स्वतःच्या हातानं लिहिले आणि त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. पाकिटावर आमच्या पोस्टमननं शेरा मारला होता, ह्या नावाची बाई गावात राहत नाही. मी नंतर त्याला गाठलं तेव्हा तो कळवळून म्हणाला, "ताई, मला वाटलं सवतीचं टपाल हाय. वैनीच्या दारात कसं न्यायचं? परस्पर धाडलं म्हागारी." गावात तो एकटाच आईशी मायेनं वागला, आणि त्यानंही घोळच घातला.

साहेब हसले. वाईट माणूस नसावा, पण हसले. मग कारकून हसला. मोकळेपणानं, तंबाखूचे दात दाखवत. "काखेत कळसा अन् गावाला वळसा की हो, आजी! आधी नाही का सांगायचं, माहेरचं नाव हे म्हणून?"

"आधी विचारलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "टाइप करून विचारलं होतं. कळसा तुमच्या कपाटात होता. वळसा तुम्ही घालायला लावलात. हिनं तुमच्यापुढं उभं राहून विचारलं, मला फक्त नाव सांगा. एक शब्द बोलला असतात तर तिथंच मिटलं असतं."

"नियमानं—"

"नियम दाखवा मला तो. तिचंच नाव तिला सांगू नये असा नियम कुठल्या पानावर आहे?"

साहेबांनी मला शांत व्हायला सांगितलं. कुणी माफी मागितली नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा, तलाठ्याचा दाखला आणा, माहेरच्या पोलीसपाटलाचं पत्र आणा, असं कारकुनानं उत्साहानं सांगितलं. आई म्हणजे आईच, हे सिद्ध करायला आम्ही पुन्हा खेटे घालायला लागलो. यथावकाश पेन्शन मंजूर झाली आणि त्या आदेशाची नक्कल, शिक्क्यासकट, आमच्या हातात पडली.

सुनावणीच्या त्या दिवशी आम्ही कचेरीतून निघालो. एस.टी. स्टँडवर मी तिला चहा आणून दिला. तिनं तो बशीत ओतला, पण ती प्यायली नाही. "त्यानी माझं पोरपनीचं नाव लावलं," ती म्हणाली. "आन् मी त्यांना उपाशी ठिवलं." मग ती भर स्टँडवर रडली. वडील वारले तेव्हाही मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं.

मंजुरीची नक्कल मिळाली त्याच दिवशी आई म्हणाली, खाणावळीत जायचं. मी तिच्याबरोबर गेले. जेवणाची वेळ टळून गेली होती. बाई पाट भिंतीला टेकवून ठेवत होती. आम्हाला पाहून थांबली, पण या म्हणाली नाही.

आई तिच्या पायाशी वाकली. ती मागं सरली.

"माझं चुकलं," आई म्हणाली. "ती बाई मीच हुते. माझंच नाव हुतं." मग तिनं मला खूण केली. मी नक्कल काढली आणि वाचून दाखवली. उभयता एकच व्यक्ती असल्याचे सिद्ध झाल्याने, असं त्यात कुठंतरी होतं.

खाणावळवालीनं शेवटपर्यंत ऐकलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी कागद हातात घेतला, शिक्का पाहिला.

"ह्यात माझं नाव कुठं हाय?" तिनं मला विचारलं.

"तुमचं नाही त्यात."

"मग मी काय करू हे? तुझ्या आईनं भर पंगतीत माझं नाव घिऊन सांगितलं, मी ह्याची बायको. पेठंत सगळ्यांनी ऐकलं. माझा ल्योक हितंच राहतो, वरच्या खोलीत. लगीन झालेला. त्या दिसापास्नं त्यानं माझ्या हातचं खाल्लं न्हाई. सगळी आळी माझ्याकडं जेवती, आन् माझा ल्योक हाटेलात जेवतो. सून बी त्याचंच ऐकती. तुझ्या आईला सरकारनं दाखला दिला, ती मोकळी झाली. माझ्यासाटनं कोनचं सरकार दाखला देनार?"

आई म्हणाली, "मी सांगते त्याला. मी त्याच्या पाया पडते."

"तो कामावर गेला. आला तरी तुझं तोंड बघनार न्हाई." तिनं कागद माझ्या हातात दिला, दुमडून, नीट. "जावा आता. माझी संध्याकाळची भाकरी थापायची हाय."

आम्ही तरीही थांबलो. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून मुलाची वाट पाहिली. तो आला, आईनं त्याला रस्त्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं. चांगला कामगारासारखा दिसणारा, थकलेला माणूस. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "बाई, तवा बी तुमीच सांगत हुता, आता बी तुमीच सांगताय. मी कवाचं खरं धरू?" आणि जिना चढून गेला.

पुढं पेन्शन सुरळीत येत राहिली. आई ती घ्यायला महिन्याच्या सुरुवातीला कवठे महांकाळला बँकेत जायची, आणि मी जमेल तेव्हा सांगलीहून तिच्या सोबतीला जायचे. दर वेळी ती मला विचारायची, "तिचा ल्योक जेवाय लागला का गं तिच्याकडं?" मला माहीत नसायचं. साताऱ्याला जायची मला परत हिंमत झाली नव्हती, आणि ही माहिती देणारी कचेरी कुठं असेल तर मला ती ठाऊक नव्हती. एकदा, तिच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "जेवतो म्हणे आता."

आई नोटा पिशवीत ठेवत होती. तिचा हात थांबला.

"म्हणे?" ती म्हणाली. "म्हणे म्हंजी? कोन म्हनलं?"